किनाऱ्यावरून सायकलने कोल्हापूरला: शेवटच्या दिवसाचा घाट आणि घरापर्यंतचा रस्ता

रेवसहून निघा, हर्णैहून निघा नाहीतर गुहागरहून. कोकण किनाऱ्याने सायकलवर दक्षिणेकडे आलेल्या कोल्हापूरकराची सहल शेवटी एकाच प्रश्नापाशी येते: सह्याद्री कुठून चढायचा? मुंबई-पुण्याची मंडळी मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पोचली की कोकण रेल्वे गाठतात. आपल्याला ती सोय नाही. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाचं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण रूळ अजून पडलेले नाहीत. नव्या एसट्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या टपावर आता कॅरिअरही नसतो. म्हणजे पायडल मारत घाट चढायचा, नाहीतर छोटा हत्ती भाड्याने करायचा.

मला पायडल मारत घरी येणं मोलाचं वाटतं. सगळा किनारा सायकलने करून शेवटचे सत्तर-ऐंशी किलोमीटर टेम्पोत बसून यायचं म्हणजे ताट वाढून झाल्यावर उठून जाण्यासारखं आहे. पण हा शेवटचा दिवस हलक्यात घेणारे फार भेटतात. आठवडाभर खाड्यांच्या उतार-चढावांनी पाय भरून आलेले असतात, झोप अर्धवट झालेली असते, सायकलीत मीठ आणि वाळू गेलेली असते आणि मन पुढे पळून केव्हाच घरी पोचलेलं असतं. नेमक्या त्याच दिवशी सहलीतला सगळ्यात मोठा चढ समोर येतो. म्हणून सहल आखताना सुरुवात शेवटच्या दिवसापासून करा. घाट आधी ठरवा, मग घाटाखालचा मुक्काम, मग त्याआधीचा दिवस, असं मागे मागे येत पहिल्या दिवसापर्यंत पोचा. पुढून आखत गेलात की उरलेलं सगळं ओझं शेवटच्या दिवसाच्या डोक्यावर बसतं.

घाट कोणता घ्यायचा

कोल्हापूरसाठी मुख्य वाटा चार आहेत.

रत्नागिरीकडून साखरप्यावरून येणारा आंबा घाट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून पटकन तोच सुचतो. पण हा रत्नागिरी-नागपूर महामार्ग. मालट्रक, टँकर, खासगी बस आणि रुंदीकरणाची कामं, असा हा रस्ता आहे. सहल रत्नागिरीलाच संपवायची असेल तरच तो घ्या, आणि घेतलाच तर उजाडताना घाटाच्या पायथ्याशी असा.

दक्षिणेला सावंतवाडीकडून आंबोली. चढ देखणा, सावली चांगली. पण आंबोलीत पोचल्यावरही आजरामार्गे कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे राहतं. वेंगुर्ल्यापर्यंत जाणाऱ्यांनी आंबोलीत किंवा आजऱ्यात एक मुक्काम वाढवावा. एका दिवसात सावंतवाडी-कोल्हापूर हे सराव असलेल्याचं काम आहे.

उरले मधले दोन. एक फोंडा घाट: देवगड, नांदगाव, फोंडा, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. दुसरा करूळ घाट: विजयदुर्ग, तळेरे, वैभववाडी, गगनबावडा, कोल्हापूर. बहुतेकांना मी करूळच सांगतो. वैभववाडीहून गगनबावडा साधारण २० किलोमीटर आणि तिथून कोल्हापूर साधारण ५५. म्हणजे एकूण ७५ किलोमीटरचा दिवस, त्यात प्रत्यक्ष घाट दहा-अकरा किलोमीटरांचा. फोंड्याहून आलात तर आकडा शंभराच्या घरात जातो आणि मधला दाजीपूरचा टप्पा जंगलातला आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

करूळचा रस्ता चालू आहे का, हे मात्र आदल्या संध्याकाळी विचारूनच घ्या. २०२४ च्या जानेवारीत हा घाट रुंदीकरण आणि काँक्रीटच्या कामासाठी बंद केला आणि ते काम वर्षभर लांबलं. पावसाळ्यात दरड आली तरी वाहतूक थांबते. वैभववाडीच्या एसटी स्टँडवर चौकशी केलीत की खरी परिस्थिती कळते, कारण कोल्हापूरची गाडी कोणत्या घाटाने गेली हे कंडक्टरला त्याच दिवशीचं माहीत असतं. मोबाईलवरचा नकाशा याबाबतीत मागे पडतो. करूळ बंद असला तर शेजारचा भुईबावडा घाट आहे. तोही वर गगनबावड्यालाच निघतो. रस्ता अरुंद, वळणं आवळ, पण वाहनं कमी. करूळ बंद असतो तेव्हा मात्र सगळी वाहतूक त्याच्यावर येते, हे लक्षात ठेवा.

आदला दिवस: समुद्र सोडून वर या

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. शेवटची रात्र समुद्रकाठी काढायचा मोह कुणालाही होतो. विजयदुर्गची संध्याकाळ, ताजी मासळी, मग सकाळी निवांत निघू, असा विचार. पण विजयदुर्ग ते तळेरे पन्नासेक किलोमीटर आहे आणि तो रस्ता कुठेही सपाट नाही. तिथून वैभववाडी आणखी दहा-बारा. सकाळी सातला विजयदुर्गहून निघालेला माणूस अकरा-साडेअकराला वैभववाडीत पोचणार आणि भर दुपारी घाटाला लागणार. तो घाट संपेपर्यंत दोन वाजतात, आणि पुढचे ५५ किलोमीटर अंधारात येतात.

त्यापेक्षा विजयदुर्गला एक दिवस आधी पोचा. किल्ला बघा, समुद्राचा निरोप घ्या आणि दुसऱ्या दिवशी वैभववाडीपर्यंतचा साठ-पासष्ट किलोमीटरचा टप्पा करा. तळेऱ्यात मुंबई-गोवा महामार्ग ओलांडावा लागतो. गाड्या तिथे फार वेगात असतात. सायकलवरून उतरून, दोन्ही बाजू बघून, चालत पलीकडे जा. वैभववाडीत साध्या लॉज आणि खाणावळी मिळतात. सुट्टीच्या दिवसांत फोन करून खोली आधी ठरवा आणि सायकल खोलीत किंवा कुलूपबंद जागेत ठेवता येईल का, हेही विचारा.

दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचायचं. कारण त्यानंतरचे दोन तास सायकलचे आहेत.

सायकलचं मीठ आणि वाळू काढणं

किनाऱ्यावर आठवडाभर फिरलेल्या सायकलवर मिठाचा पातळ थर बसतो. तरीत (फेरीबोटीत) सायकल उभी असताना उडालेलं पाणी, पुळणीवर ढकलत नेताना चिकटलेली वाळू, रात्रीची दमट हवा, हे सगळं चेनच्या कड्यांत जाऊन बसलेलं असतं. सपाटीवर ते जाणवत नाही. घाटात सगळ्यात हलक्या गिअरवर जोर लावलात की चेन कुरकुरायला लागते, दात सोडते आणि कधीकधी तुटते.

आधी बादलीभर गोडं पाणी आणि फडकं. पाइपचा जोराचा फवारा मारू नका, त्याने वाळू बेअरिंगमध्ये ढकलली जाते. फ्रेम, चाकांच्या रिमा, गिअर, सगळं ओल्या फडक्याने पुसा. मग चेन. जुन्या टूथब्रशवर थोडं डिझेल किंवा रॉकेल घेऊन चेन उलटी फिरवत घासा, फडक्यात धरून काळं पाणी येणं थांबेपर्यंत पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या चेनवर तेल घातलं तर ते आत जात नाही. कोरडी झाली की प्रत्येक कडीवर एकच थेंब. चेनचं तेल संपलं असेल तर शिलाई मशीनचं तेल एका दिवसापुरतं चालतं. खायचं तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ ओढतं. तेल घालून झालं की पंधरा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेलाचं काम कडीच्या आत आहे, बाहेर दिसणाऱ्या तेलावर फक्त धूळ बसते.

ब्रेक दाबून चाक फिरवा. खरखर आली तर रबराच्या पॅडमध्ये वाळूचे कण रुतलेत. पॅड काढून ते कण टाचणीने एकेक करून उचलून काढा, नाहीतर ते रिम कापत राहतात. डिस्क ब्रेक असेल तर चेनचं तेल लावताना डिस्कवर फडकं टाका. एक थेंबही पडला तर ब्रेक लागेनासा होतो.

मग गिअर. सायकल उलटी करून पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती ही जोडी नीट बसते का ते पाहा. सकाळचा दीड तास तुम्ही याच जोडीवर काढणार आहात. मागचा गिअर बदलणारा हात चाकाच्या तारांकडे झुकलेला वाटला तर मर्यादेचा स्क्रू अर्धा फेरा घट्ट करा. घाटात चेन तारांत अडकली तर मागचं चाक निकामी होऊ शकतं. तारा बोटांनी चिमटीत दाबून बघा, ढिली तार लगेच कळते. सामानाच्या स्टँडचे बोल्ट ॲलन कीने आवळा. जेट्टीवर चढउतार करताना हेच बोल्ट ढिले होतात.

हवा पूर्ण भरा. कोकणातल्या रस्त्यांवर थोडी कमी हवा बरी वाटते, पण चढाला मऊ टायर पाय खातो. आणि दोन ट्यूब वरच्याच कप्प्यात ठेवा. घाटमाथ्यापलीकडे बांधाकडेने बाभळी सुरू होतात आणि काटे रस्त्यावर येतात.

ओझं उतरवा

कोकणातून कोल्हापूरला रिकाम्या हाताने कोण येतं? आमसुलं, काजू, कुळथाचं पीठ, सुका बांगडा, कोकम आगळाच्या बाटल्या. यातलं सगळं घाटावर पायाच्या जोरावर चढवायचं नाही. वैभववाडीहून एसटीच्या पार्सलने पाठवा, किंवा कोल्हापूरला जाणारी ओळखीची गाडी असेल तर तिच्यात द्या. मळके कपडे, चपला, जाड टॉवेलही त्यातच घाला. पाच किलो कमी झाले तर चढाला फरक लगेच जाणवतो.

जवळ ठेवायचं ते एवढंच: पंक्चरचं सामान, पंप, दोन ट्यूब, ॲलन कीचा संच, चेन जोडायची एक कडी, पातळ जाकीट, पुढचा-मागचा दिवा, औषधं, खाणं, तीन लिटर पाणी आणि एक पूर्ण पँट. पँट कशाला ते शेवटी सांगतो.

सकाळ: सावली असेपर्यंत घाट

घाट सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर आहे आणि सूर्य उगवतो डोंगराच्या पलीकडून. म्हणून हिवाळ्यात सकाळी बराच वेळ चढणीचा मोठा भाग कड्याच्या सावलीत असतो. दुपारनंतर हेच पश्चिम अंग समोरून तापतं आणि काँक्रीटचा रस्ता खालून भाजतो. एकच घाट, पण सकाळी सातला आणि दुपारी एकला तो दोन निरनिराळे घाट वाटावेत इतका फरक पडतो. तेव्हा साडेपाचला उठा, सव्वासहाला दिवे लावून निघा, सातच्या आत करूळ गावाच्या पुढे असा.

निघण्याआधी काहीतरी पोटात हवं, पण जड नको. केळी आणि चहा, किंवा खाणावळ उघडी असेल तर दोन घावणे. वड्यावर ताव मारून घाटाला लागू नका, तेल वर येतं. भूक लागण्याची वाट न बघता दर पाऊण तासाने थोडं खा: खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत कोकम सरबत चिमूटभर जास्त मीठ घालून. तासाला अर्धा लिटर तरी पोटात जायला हवं. घाटात पाणी मिळेल असं धरून चालू नका.

चढाचं गणित सोपं आहे. दहा-अकरा किलोमीटरांत साधारण साडेचारशे-पाचशे मीटर चढायचं, म्हणजे दर शंभर मीटरला चार-पाच मीटर. सामानासकट ताशी सहा-सात किलोमीटरचा वेग पुरे. दीड-पावणेदोन तासांत वर. त्यापेक्षा वेगात जायचा प्रयत्न केलात तर पहिल्या तीन किलोमीटरांतच दम भरतो.

पहिल्या वळणाआधीच सगळ्यात हलका गिअर घ्या. जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन अडकते. सीटवर बसून, हात सैल सोडून, पाय एकसारखे फिरत राहतील असं चालवा. मिनिटाला साठ-सत्तर फेरे. बोलता येईल इतपतच धाप लागायला हवी. बोलता येईनासं झालं की थांबा. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहून घोटभर पाणी, मग पुढे. थांबायचं ते सरळ भागात, वळणाच्या तोंडावर नाही. उतरून ढकलत जाण्यातही काही कमीपणा नाही, फक्त ढकलताना रस्त्याच्या डाव्या कडेला, सायकल उजव्या हाताला ठेवून चाला.

वळणांवर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डाव्या वळणाची आतली कड फार उभी असते. आरशात मागे काही नसेल आणि समोरचं दिसत असेल तर थोडं मधून घ्या, चढ सौम्य होतो. काही येताना ऐकू आलं तर कडेलाच राहा आणि हळूहळू चढा. चढ हलका करायला रस्त्यावर नागमोडी चालवू नका. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही कुठे जाणार हे कळत नाही, आणि भरलेल्या ट्रकला चढावर थांबून पुन्हा उचलणं जड जातं. म्हणून तो थांबत नाही. मोठं वाहन जवळ आलं तर पाय टेकवा, त्याला जाऊ द्या, मग निघा. कोल्हापूरहून रिकामी उतरणारी वाहनं जास्त धोक्याची, ती वळण कापून तुमच्या बाजूला येतात. अंगात भडक पिवळं किंवा नारिंगी जाकीट हवंच.

माथ्याजवळ धुकं लागू शकतं. मागचा दिवा लुकलुकता ठेवा आणि घंटी वाजवत चला. घामाने भिजलेल्या अंगावर वरचा वारा लागला की हुडहुडी भरते, म्हणून माथ्यावर पोचताच जाकीट घाला.

गगनबावडा: अर्धा तास थांबाच

वर पोचल्यावर लगेच पुढे पळू नका. स्टँडजवळ चहा, मिसळ, भजी मिळतात. इथे पोटभर खा, कारण पुढे घाटासारखा मोठा चढ उरलेला नाही. बाटल्या भरून घ्या. पायाच्या पोटऱ्या आणि मांड्या भिंतीला टेकून ताणा.

पायात जोर असेल तर गगनगडावर जाऊन या. गगनगिरी महाराजांच्या मठामुळे तिथे वर्दळ असते. रामचंद्रपंत अमात्य ज्या घराण्याचे, त्या बावडेकरांचा हा मुलूख. देश आणि कोकण यांच्या मधल्या वाटेवर नजर ठेवायची तर यापेक्षा चांगली जागा नाही. गडावरून तुम्ही चढून आलेली सगळी दरी दिसते. हवा स्वच्छ असेल तर कोकणाच्या टेकड्या एकामागे एक सरकत पश्चिमेला जाताना दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे कुठेतरी तुमचा कालचा समुद्र. मात्र अकराच्या आत बावडा सोडा.

बावडा ते कळे: उतार समजू नका

घाट संपला, आता कोल्हापूरपर्यंत उतारच, असं सगळे म्हणतात. ते खरं नाही. गगनबावडा आणि कोल्हापूर यांच्या उंचीत फार अंतर नाही. रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून खालीवर होत जातो, आणि हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे तोंडावर येतो. तुम्ही ताशी पंचवीसचा हिशोब मांडता आणि पंधराने चालता. हे आधी माहीत असलं तर चिडचिड होत नाही. दोघे-तिघे असाल तर एकामागे एक चला आणि दर दहा मिनिटांनी पुढचा बदला. मागच्याला वारा कमी लागतो.

पहिले काही किलोमीटर झाडी आहे, रस्ता बरा आहे. पळसंब्याला रस्त्यापासून थोडं आत, ओढ्याच्या काठी, अखंड खडकात कोरलेली जुनी देवळं आहेत. वेळ हाताशी असेल तर तासभर तिथे गारव्यात काढण्यासारखा आहे. असळजनंतर ऊस सुरू होतो आणि मग घरापर्यंत ऊसच.

पावसाळ्यात या रस्त्याने येण्याचा विचार करू नका. कुंभीला पूर आला की मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर येतं आणि कोल्हापूर-गगनबावडा वाहतूक तुटते. सहलीचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि हेच दिवस गळीत हंगामाचे असतात, त्याची वेगळी तयारी लागते.

ऊसवाहतूक

हा भाग बाहेरच्या सायकलस्वाराला कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. असळजजवळ साखर कारखाना आहे, पुढे कुडित्र्याला कुंभी-कासारी. हंगामात रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या अशी रांग लागते. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर तुमच्या अंगावरून सुरक्षित अंतराने गेला तरी मागच्या ट्रॉलीतले वाढे (उसाचे शेंडे) खांद्याला घासू शकतात. पहिली ट्रॉली गेली म्हणून रस्त्यावर परत येऊ नका. दुसरी असतेच, आणि ती डावी-उजवीकडे झुलते. ट्रॅक्टरची धडधड मागून ऐकू आली की डांबर सोडून साइडपट्टीवर उतरा, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. ट्रॅक्टरला ओलांडायचा मोहही टाळा. दोन ट्रॉल्यांची लांबी मोठी आणि समोरून गाडी आली तर तुम्हाला आत शिरायला जागा नसते. ट्रॉलीला धरून जायचं तर मनातही आणू नका.

रस्त्यावर पडलेलं पाचट सुकं असलं तरी घसरतं. त्यावर ब्रेक मारू नका, सरळ निघून जा. फडातून ट्रॉली बाहेर पडते तिथे ओला चिखल रस्त्यावर आलेला असतो, तिथे वेग आधीच कमी करा. संध्याकाळी बैलगाड्या निघतात आणि त्यांच्या मागे दिवा क्वचितच असतो. पाचनंतर आणखी एक गोष्ट होते: कोल्हापूरकडून बावड्याकडे जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येतं. त्याला तुम्ही दिसत नाही आणि तो समोरच्या गाडीला ओलांडायला तुमच्या बाजूला येतो. साडेचारच्या आत शहरात शिरायचं, हा आग्रह त्यासाठी.

याच हंगामाची चांगली बाजू म्हणजे गुऱ्हाळं. रस्त्याकडेला धुराची चिमणी आणि चिपाडाचे ढीग दिसले की सायकल थांबवा. आधी विचारा, मग आत जा. बहुतेक ठिकाणी काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या तुम्हाला आणि सायकलवरच्या बॅगांना बघून स्वतःच म्हणतो, "पावनं, कुठनं आलासा? रस घ्या की." रसात आलं-लिंबू नसतं, बर्फ नसतो. काहिलीत पाक उकळून वर फेस चढलेला असतो, त्यावरची मळी लांब दांड्याच्या झाऱ्याने काढत असतात. पाक तयार झाला की गुळव्या थेंबभर पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. त्या वेळी तुम्ही तिथे असलात तर ऊन गूळ हातावर मिळतो. जपून, तो फार भाजतो. थकलेल्या अंगाला त्या घडीला ऊन गूळ आणि मूठभर शेंगदाणे जे बळ देतात, ते कुठल्याही पाकिटातल्या खाऊने येत नाही. पैसे विचारा. घेतले नाहीत तर किलोभर गूळ विकत घ्या. आता ओझ्याची चिंता नाही.

कळ्याला बाजारपेठ आहे. जेवण, पंक्चर, औषधाचं दुकान, सगळं मिळतं. काही अडचण असेल तर ती इथेच निस्तरा.

फोंड्याने येणार असाल तर

पाय मजबूत असतील आणि दिवस मोठा करायची तयारी असेल, तर हा रस्ता मनाला जास्त लागतो. मुक्काम फोंड्यात, निघायचं तसंच पहाटे. घाट चढून वर आलात की दाजीपूरचं जंगल लागतं. राधानगरी अभयारण्याचा हा भाग, पश्चिम घाटाच्या २०१२ सालच्या जागतिक वारसा यादीत असलेला. इथे गवे आहेत आणि ते रस्ता ओलांडतात. गवा दिसला तर सायकल थांबवा, मागे सरका, त्याला वाट द्या. मोबाईल घेऊन जवळ जाऊ नका. कळपातला एक ओलांडला की बाकीचे मागून येतात. अंधारात हा टप्पा करायचाच नाही, ना पहाटे ना संध्याकाळी. तेव्हा फोंड्यातून निघताना घाट पहाटे आणि जंगल उजाडल्यावर, असा हिशोब ठेवा. दाजीपूर ते राधानगरी दुकानं तुरळक, त्यामुळे खाणं-पाणी फोंड्यातूनच घ्या.

राधानगरीला धरण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही काम करतात, आणि उसाला जातं ते बरंचसं पाणी इथलंच. तिथून कोल्हापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर: परिते, हळदी, मग पुईखडी, आणि क्रशर चौकातून रंकाळा. उसाबद्दल वर लिहिलं ते सगळं इथेही लागू. परित्याला भोगावती कारखाना आहे.

शहरात शिरताना

बालिंग्याला नदी ओलांडली की घर आलं असं वाटतं, आणि लक्ष तिथेच उडतं. फुलेवाडी ते रंकाळा हा टप्पा दिवसातला सगळ्यात गजबजलेला. वडाप (प्रवासी जीपगाड्या), दुचाक्या, अचानक उघडणारी गाडीची दारं. उभ्या गाडीपासून हातभर लांब चालवा, हेल्मेट काढून हँडलला लटकवू नका, घरच्यांचा फोन आला तर थांबून घ्या. घरचे किंवा मित्र घ्यायला येणार असतील तर त्यांना रंकाळ्यावर बोलवा, फुलेवाडी नाक्यावर नको. तिथे थांबायला जागा नाही.

सहल अंबाबाईच्या पायाशी संपवायची अनेकांची इच्छा असते, माझीही असते. सायकल बाहेर कुलूप लावून कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा, आणि सायकलच्या आखूड चड्डीवर जाऊ नका. ती पूर्ण पँट यासाठी होती. दर्शन झालं की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्या. दिवसभराच्या घामानंतर शरीराला नेमकं तेच हवं असतं. तांबडा-पांढरा रात्री. पण पोहोचल्या पोहोचल्या तासभरात काहीतरी खा, रात्रीपर्यंत उपाशी राहिलात तर दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत.

घरी गेल्यावर सोफ्यावर आडवं होण्याआधी दहा मिनिटं चाला, पोटऱ्या ताणा, कोमट पाण्याने अंघोळ करा. रात्री पायाखाली उशी घेऊन झोपा.

दुसऱ्या दिवशी सायकल

सायकल तशीच पार्किंगमध्ये लावून महिनाभर विसरणं फार महागात पडतं. मीठ थांबत नाही, आतून खात राहतं. दुसऱ्या दिवशीच गोड्या पाण्याने पुन्हा धुवा. सीटची नळी बाहेर काढून पुसा, फ्रेमच्या आतलं पाणी सायकल उलटी करून निथळू द्या, नळीला ग्रीस लावून परत बसवा. हे केलं नाही तर काही महिन्यांनी ती नळी हलत नाही. पायडल एकदा खोलून आट्यांना ग्रीस लावा. डावीकडच्या पायडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो.

मेकॅनिककडे नेताना नुसतं सर्व्हिसिंग करा असं सांगू नका. समुद्रकाठी फिरून आलीय, असं सांगा, आणि तीन कामं नावाने सांगा: मधल्या दांड्याचं बेअरिंग खोलून बघायचं, दोन्ही चाकांच्या हबचं ग्रीस बदलायचं, आणि चेन किती ताणली गेलीय ते मापाने तपासायचं. चेन मर्यादेबाहेर ताणली असेल तर लगेच बदला, नाहीतर तिच्यापायी मागच्या सगळ्या चकत्या झिजतात आणि चारपट खर्च येतो. गिअर आणि ब्रेकच्या केबलींची टोकं गंजली असतील तर त्याही बदलून घ्या. बॅगा उन्हात वाळवून, शिवणीतली वाळू ब्रशने झटकून, बॅगांच्या चेनना (झिपांना) मेण किंवा साबण चोळून ठेवा.